कडू लागायला हवं होतं

१

साडेदहा म्हणजे साडेदहा, ही साधी गोष्ट शेंद्र्याच्या त्या औषध कंपनीत पद्मजा सोडून एकाही माणसाला समजत नव्हती. पावणेअकरा वाजले तरी आकाश जिन्यात चहाचा कप घेऊन उभा, राजेंद्र स्टोअरमध्ये फोनवर, आणि सारजाबाई तर कुठं सापडतच नव्हत्या. चव बघायला येणाऱ्यांनी तासभर आधी चहा, पान, तंबाखू, मिश्री काही म्हणजे काही तोंडात घालायचं नाही, असा कागद पद्मजानं दारावर चिकटवला होता. लोक त्या कागदाखाली उभं राहून चहा पीत.

पद्मजा काही जन्मतःच चिडकी नव्हती. पूर्वी ती हसायचीसुद्धा, असं जुने लोक सांगत. पण गेली दोन वर्षं ती काडेचिराइताच्या अर्काचं लहान मुलांसाठी सिरप करत होती, आणि दोन वर्षांत माणसाचं काय होतं ते होतंच. अर्क गुणी होता, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. फक्त कडू होता. सकाळी चमचाभर घेतला तर संध्याकाळच्या जेवणापर्यंत जिभेवर ठाण मांडून बसायचा. पद्मजानं त्यावर साखर घातली, संत्र्याचा स्वाद घातला, अर्काच्या कणांवर मेणासारखा थर दिला. असे सतरा फॉर्म्युले झाले, आणि सतराही वेळा माणसांनी तोंडं वेडीवाकडी करून थुंकून टाकलं. आता अठरावा.

चव बघण्याची खोली पहिल्या मजल्यावर होती. भिंतीला लागून प्लायवूडच्या सहा केबिनी, एकेका माणसापुरत्या. आत स्टूल, गुडघ्यांच्या वर एक फळी, फळीत स्टीलचं छोटं बेसिन, मागे पडदा, समोर सरकत्या झडपेची खिडकी. डोक्यावर लाल दिवा, कारण रंग दिसला की माणूस डोळ्यांनी चव घेतो. खिडकीतून कप आत जायचा. माणसानं घोट तोंडात फिरवायचा, थुंकायचा, चिठ्ठीवर शून्य ते चारपैकी एका आकड्याला गोल करायचा आणि चिठ्ठी बाहेर सरकवायची. चार म्हणजे सहन होत नाही इतकं कडू. शून्य म्हणजे कडू नाहीच.

पहिला कप नेहमी नुसत्या अर्काचा असे, कसलाही थर नसलेला. त्याला सगळ्यांनी चारच द्यायचे असत. जीभ जागेवर आहे की नाही, एवढंच त्यातून बघायचं. त्यानंतर दुसरा कप, नव्या फॉर्म्युल्याचा.

माणसं सहाच होती, कंपनीतलीच. प्रयोगशाळेतला आकाश, स्टोअरचा राजेंद्र, साफसफाईच्या सारजाबाई, पॅकिंगमधल्या दोघी आणि बागेचा माळी कडूबा. कडव्या औषधाच्या चाचणीला कडूबा नावाचा माणूस, यावर आकाशचे विनोद दोन वर्षं झाली तरी संपले नव्हते. त्याचाही पद्मजाला कंटाळा आला होता.

त्या सोमवारी तीन नंबरच्या खिडकीतून चिठ्ठी बाहेर आली. पहिला कप, नुसता अर्क: शून्य.

२

"सारजाबाई, बाहेर या जरा."

सारजाबाई पडदा सारून बाहेर आल्या. पदरानं तोंड पुसत होत्या.

"हे काय केलंय? शून्य म्हणजे काय, माहीत आहे ना?"

"व्हय की. कडू नाय ते शून्य."

"मग हे कडू नाही?"

"नाय लागलं ताई."

"मिश्री लावली होती?"

"आईच्यान नाय. पार सकाळी सहाला लावली हुती."

पद्मजानं दीर्घ श्वास घेतला. लोकांशी बोलताना आधी दीर्घ श्वास घ्यायचा, असं तिला नवऱ्यानं शिकवलं होतं, आणि त्याचा आजवर एकदाही उपयोग झाला नव्हता. तिनं अर्काचा नवा कप भरला आणि स्वतःच्या डोळ्यांसमोर सारजाबाईंच्या हातात दिला. सारजाबाईंनी तो तोंडाला लावला. थुंकायला हवं होतं. त्या पाणी प्यावं तसं पिऊन मोकळ्या झाल्या.

"अहो, गिळलं काय तुम्ही?"

"चांगलं लागलं," सारजाबाई म्हणाल्या, आणि वाकून डाव्या पायाचा घोटा खाजवला. "गोड बी नाय, कडू बी नाय. थंड लागलं."

एरवी या बाईनं अर्काच्या नुसत्या वासानं कंपनी डोक्यावर घेतली असती. मागच्या आठवड्यात त्यांनी थुंकल्यावर बेसिनच्या नळाला तोंड लावून पाच मिनिटं शिव्या दिल्या होत्या, त्यातल्या काही नावानिशी पद्मजाला होत्या. आज त्या शांतपणे बादली उचलून निघून गेल्या. तंबाखूनं जीभ मेली, दुसरं काय, असं म्हणत पद्मजानं चिठ्ठीवर लाल शेरा मारला.

मंगळवारी आकाशनं नुसत्या अर्काला शून्य दिलं.

३

"मॅडम, खरंच काही लागत नाहीये," आकाश म्हणाला. "मला वाटलं आज तुम्ही पाणीच दिलं. चेक करायला."

"मी पाणी देईन? तुला माझ्याकडे तेवढा वेळ दिसतो?"

एरवी यावर आकाशनं दोन वाक्यं तरी ऐकवली असती. तो नुसता हसला, आणि घोटा खाजवत निघून गेला.

कप बदलले असतील म्हणून पद्मजानं आकाशच्याच कपात उरलेला थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. डोळ्यांत पाणी आलं. तीन लिमलेट खाल्ल्या तरी तो थेंब जाईना. म्हणजे अर्क ठीक होता. माणसंच हरामखोर झाली होती.

बुधवारी राजेंद्र. गुरुवारी पॅकिंगमधली एक. ज्यांची जीभ एकदा गेली ती परत येत नव्हती. सारजाबाईंचं आता रोज शून्य, कुठल्याही केबिनमध्ये बसवा, कुठलाही कप द्या. आणि या सगळ्याचा परिणाम असा की अठराव्या फॉर्म्युल्याची सरासरी झकास खाली आली. दोन वर्षांत पहिल्यांदा तो आकडा एकाच्या आसपास घुटमळत होता.

हेमचंद्र सर या आकड्यावर फार खूश होते. ते विभागप्रमुख. त्यांना आकडे आवडत, ते कुठून येतात हे नाही.

"पद्मजा, मार्व्हलस! शुक्रवारी संध्याकाळपर्यंत रिपोर्टवर तुझी सही हवी. सोमवारी मुलांचं पॅनल."

"सर, नुसत्या अर्कालाही लोक शून्य देतायत. याचा अर्थ चाचणीच बाद. मी सही कशी करू?"

"अर्क जुना झाला असेल."

"सर, मी चाखलाय."

"मग लोक कंटाळले असतील. तू ओव्हरथिंक करतेस. समितीची परवानगी आहे, पालकांच्या सह्या आहेत. स्टाफची आठ मुलं. तुझी वैदेहीसुद्धा आहे ना यादीत?"

होती. पालक म्हणून पद्मजानंच महिन्यापूर्वी सही केली होती. आपलीच पोरगी आणली नाही तर बाकीचे कशाला आणतील, असा त्यामागचा हिशेब. वैदेही आठ वर्षांची होती आणि कडू औषधाच्या बाबतीत तिच्याएवढी नाटकी मुलगी सबंध गारखेड्यात सापडली नसती. तापाची गोळी द्यायची तर घरात दोन माणसं लागत.

"सही करायची की नाही ते मी शुक्रवारी सांगते," पद्मजा म्हणाली.

"करशीलच," सर म्हणाले. दुसरं कुणी सही करणार नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. तिच्या सहीशिवाय मुलं येऊ शकत नव्हती.

४

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं आठवडाभराच्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. फॉर्म्युल्याप्रमाणे लावल्या, काही उमजेना. माणसांप्रमाणे लावल्या, तरी नाही. मग वैतागून केबिनप्रमाणे लावल्या.

सोमवारी सारजाबाई तीन नंबरला बसल्या होत्या. मंगळवारी आकाश. बुधवारी राजेंद्र. आज पॅकिंगवाली. या सोमवारपासून जो तीनमध्ये बसला त्याची जीभ त्या दिवसापासून गेली. आणि कुणी कधी कुठं बसायचं याचा तक्ता पद्मजाचाच होता. प्रत्येक माणूस प्रत्येक केबिनमध्ये एकदा तरी गेला पाहिजे, म्हणजे निकालात जागेचा दोष राहत नाही, असं तिनं तक्त्याखाली लिहून ठेवलं होतं.

प्लायवूडचा गोंद, तिच्या मनात आलं. वॉर्निश. कसली तरी वाफ असणार, जिभेला बधिर करणारी. एवढं साधं! तिला जवळजवळ बरं वाटलं, आणि सुताराला चार शब्द सुनवायचे या विचारानं तर आणखीच बरं वाटलं.

ती खोलीत गेली तेव्हा सगळे दिवे बंद होते. तीन नंबरचा पडदा सारला तर आत आकाश बसलेला. हात मांडीवर, पाय फळीखाली आत घेतलेले.

"आकाश! काय करतोयस इथं?"

"काही नाही मॅडम. डबा खाल्ला. इथं बरं वाटतं."

"अंधारात?"

त्यानं विचार केला. "बरं वाटतं," तो पुन्हा म्हणाला, उठला आणि तिला वाट देऊन निघून गेला. ना लाजला, ना दचकला.

पद्मजानं केबिनमध्ये डोकं घातलं आणि नाकानं हुंगलं. गोंदाचा वास नव्हता. वासच नव्हता. फळीखाली, पाय जिथं जातात तिथं, मागच्या बाजूला एक आडवी पट्टी ठोकलेली होती. त्या पट्टीमागून आवाज आला. कोरडा, सावकाश, भरलेलं पोतं फरशीवरून कुणी ओढत न्यावं तसा. तिनं पट्टीवर हात ठेवला तर आवाज थांबला. हात काढला तर पुन्हा सुरू झाला.

उंदीर. नाहीतर एसीचा पाइप. तिनं दुपारीच देखभालवाल्याला आणि सुताराला दोघांनाही बोलावलं. देखभालवाला म्हणाला पाइप या बाजूनं जातच नाही. सुतारानं पट्टी उपटली, फळी काढली, दिव्याची वायर वरून जाते का खालून हेही उकलून दाखवलं. वरूनच जात होती. पट्टीमागे कोरी भिंत, बोटभर जागा, थोडी धूळ.

"इथं मुंगी बी मावायची नाय मॅडम," सुतार म्हणाला.

"मग आवाज कसला येतो?"

त्यानं कान लावला. "मला तं नाय यायला."

त्यानं सगळं होतं तसं ठोकून दिलं. कंपनीच्या डॉक्टरनंही चौघांना तपासून पाहिलं. नाडी उत्तम, रक्तदाब उत्तम, पायावर खाजवल्याच्या रेघा, बाकी काही नाही. "रक्तदाब तुमचा वाढलाय," डॉक्टर पद्मजाला म्हणाला, "यांचा नाही." या माणसाला पदवी कुणी दिली, हा प्रश्न तिनं मोठ्या कष्टानं गिळला.

५

शुक्रवारी तीन नंबरला बसायची पाळी कडूबाची होती. तो आलाच नाही.

पद्मजा त्याला शोधत कंपनीमागच्या औषधी बागेत गेली. कडूबा वैजापूरकडचा, गावी शेती होती, ती भावाच्या हवाली करून तो इथं माळी झाला होता. काडेचिराइताच्या वाफ्यात उकिडवा बसून तो तण काढत होता.

"कडूबा, साडेदहा कधीच वाजले."

"म्या नाय येनार मॅडम."

"का? सगळ्यांना मीच आमंत्रण द्यायचं का घरोघर?"

"तीन नंबरात नाय बसनार. दुसरीकडं कुटंबी बसवा."

पद्मजाचा पारा चढला, पण या माणसानं आठवडाभर नुसत्या अर्काला इमानदारीत चार दिले होते. ती वाफ्याच्या कडेला टेकली. "काय झालंय? नीट सांग."

कडूबानं खुरप्याची माती पुसली. "आमच्याकडं कुणाला पान लागलं ना मॅडम..."

"पान लागलं म्हणजे?"

"त्याचं नाव घेत नाईत. रानात पायाला लागतं ते. लांबडं." त्यानं हातानं जमिनीवर एक वळण काढलं आणि लगेच पुसून टाकलं. "तसं झालं की मानसाला लिंबाचा पाला चावाया देत्यात. कडू लागला तं ठीक हाय, अजून चढलं नाय. कडू नाय लागला, की समजायचं चढलं."

"ही अडाणी समजूत आहे. साप चावला तर दवाखान्यात न्यायचं असतं."

"ते बी नेत्यात की. पर पाला आदी देत्यात." तो वर बघून म्हणाला, "तुमी रोज तेच करायलात मॅडम. एकेकाला तितं बसवायलात, अन कडू लागतंय का इचारायलात."

पद्मजा वाफ्याच्या कडेवरून उठली. मग ती चिडली, आणि चिडल्यावर तिला नेहमीसारखं मोकळं वाटलं. "साप नाहीये तिथं कडूबा! सुतारानं भिंतीपर्यंत उपसून दाखवलंय. डॉक्टरांनी तपासलंय. माणसं ठणठणीत आहेत!"

"म्या कुटं म्हनलो साप हाय?" कडूबा म्हणाला. "सारजाबाई परवा सुनंशी भांडली नाय. तिची सून रडत आलती माज्या घरवालीकडं. म्हने, सासूला काय तरी झालंय. घरात दूध उतू चाललंय अन सासू बगत बसलीया." त्यानं जवळच्या कडुलिंबाच्या झाडाचा डहाळा मोडून तिच्यापुढं धरला. "सोमवारी लेकरं आनायलात म्हने. नका आनू मॅडम."

६

पद्मजानं ठरवलं ते रागाच्या भरात ठरवलं, पण त्यात तर्क होता. तक्त्याप्रमाणे तीन नंबरची जागा आज रिकामी होती. ती स्वतः बसणार. आधी पाला चावायचा, मग आत बसून पुन्हा चावायचा. दोन्ही वेळा कडू लागला की कडूबाचं तोंड बंद, चौघांवर शिस्तभंगाची कारवाई, रिपोर्ट केराच्या टोपलीत, आणि सोमवारी वैदेही शाळेत. आतला पाला कडू लागला नाही तर... ही दुसरी बाजू तिनं पुरी केली नाही. तेवढा वेळ नव्हता.

दारात उभं राहून तिनं दोन पानं चावली. कडू. छान, झणझणीत कडू. तिनं चूळ भरली, दहा मिनिटं थांबली, आत जाऊन पडदा ओढला आणि स्टुलावर बसली.

लाल उजेडात स्वतःचे हात दुसऱ्या कुणाचे वाटत होते. बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. मग ते संपलं, आणि फळीखालचा आवाज तिला ऐकू आला. सावकाश. ओढत. तिनं मनाशी म्हटलं, एसी. मग आठवलं, पाइप या बाजूनं जात नाही. मग म्हटलं, माझाच रक्तदाब, कानात घुमतोय. हे पटण्यासारखं होतं. ती पटवून घेत असतानाच घोट्यावर काहीतरी टेकलं.

चावलं नाही, टोचलं नाही. दमल्याभागल्या माणसानं आधारासाठी हात ठेवावा तेवढंच वजन, आणि तेवढीच ऊब.

पाय झटकायचा, हे तिच्या डोक्यात स्पष्ट होतं. पायापर्यंत ते पोचायला उशीर होत होता. तिची नजर फळीच्या कडेवरून खाली, बेसिनच्या लोंबत्या बुडाकडे गेली. स्टीलच्या बाहेरच्या गोल अंगावर फळीखालचं सगळं बारीक आणि वाकडं दिसत होतं. तिचे दोन बूट. बुटांच्या मधून गेलेली दिव्याची वायर. वायर पट्टीमागे सरकत होती. बोटभर जागेत, जिथं मुंगी मावत नव्हती तिथं, ती हळूहळू आत जात होती, आणि तिचं दुसरं टोक येता येत नव्हतं.

दिव्याची वायर वरून जाते, पद्मजाला आठवलं.

तिनं डहाळा उचलला आणि पाला तोंडात कोंबला. चावला. आणखी कोंबला. देवा, लागू दे, ती म्हणत होती, कडू लागू दे, एवढं एक पान तरी. वैदेहीचं नाव तिच्या तोंडात पाल्याबरोबर आलं. दातांखाली हिरवा चोथा करकरत होता. डहाळी संपली. ओठांच्या कडेनं रस ओघळला.

थंड लागलं. चांगलं लागलं.

७

साडेतीनला तिनं रिपोर्टवर सही केली. हेमचंद्र सर म्हणाले, "बघ, मी म्हटलं होतं," आणि तिला त्यांचा राग आला नाही. एरवी या वाक्यावर ती दोन दिवस धुमसली असती. ती म्हणाली, "हो सर." बाहेर पडताना दारावरच्या कागदाखाली लोक चहा पीत उभे होते. पिऊ देत.

जालना रोडवर एका रिक्षावाल्यानं तिच्या स्कूटीला कट मारला. तिनं त्याला जाऊ दिलं. घरी कारल्याची भाजी केली, मिठाच्या पाण्यात भिजवायची राहून गेली. नवऱ्यानं एक घास खाऊन ताट सरकवलं. पद्मजा दोन वाट्या जेवली.

"तू बरी आहेस ना?" नवऱ्यानं विचारलं. "आल्यापासून कुणाला नावं ठेवली नाहीस."

"बरं वाटतंय," पद्मजा म्हणाली आणि घोटा खाजवला.

शनिवारी कडूबा घरी आला होता. गारखेड्यात पत्ता शोधत, उन्हातून. दारातच उभा राहिला. तिचं तोंड निरखून बघितलं आणि त्याला जे विचारायचं होतं ते त्यानं विचारलंच नाही. "लेकराला तरी नका नेऊ," एवढंच म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. पद्मजानं त्याला पाणी दिलं. बरं, असं ती म्हणाली. कडूबाला वाटलं तिनं ऐकलं.

८

सोमवारी आठही मुलं वेळेवर आली. साडेदहाला, ठरल्याप्रमाणे. मुलांना कडूपणा आकड्यांत सांगता येत नाही म्हणून त्यांच्या चिठ्ठीवर पाच चेहरे छापलेले होते, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. जो खरा वाटेल त्याला गोल करायचा.

"मला नको आत," वैदेही म्हणाली. तिनं आईच्या ओढणीचं टोक धरून ठेवलं होतं. "आई, मला एक नंबरला बसव ना, दाराजवळ."

"तक्त्यात तुझा तीन आहे."

"तू बस माझ्याबरोबर."

"एकेकानंच बसायचं असतं."

तिनं वैदेहीला उचलून स्टुलावर ठेवलं. पाय जमिनीला पोचत नव्हते, ते फळीखाली लोंबत राहिले. लाल उजेडात पोरीनं खाली बघितलं, वर बघितलं.

"आई, इथं खाली काहीतरी..."

"असू दे," पद्मजा म्हणाली आणि पडदा ओढला.

ती पुढच्या बाजूला आली. झडप सरकवून नुसत्या अर्काचा कप आत दिला. लगेच आतून ओरडणं ऐकू आलं, थुंकणं, मग रडणं. "आई गं! कडू! आई, कडू आहे!" शेजारच्या केबिनमधली मुलं हसली. चिठ्ठी बाहेर आली. रडक्या चेहऱ्याला इतक्या जोरानं गोल केला होता की कागद फाटला होता.

नियमाप्रमाणे दहा मिनिटं थांबायचं होतं. पद्मजा घड्याळ बघत थांबली. तिसऱ्या मिनिटापर्यंत आतून रडणं येत होतं. चौथ्या मिनिटाला वैदेहीनं एकदा हाक मारली, पूर्ण 'आई'ही नाही, नुसती "आ..." अशी. मग रडणं थांबलं. खोली शांत झाली. फाटलेली चिठ्ठी पद्मजाच्या हातात होती. तिच्याकडे बघून आपल्याला काहीतरी वाटायला हवं होतं, एवढं तिला आठवत होतं. काय, ते ती शोधत राहिली. अगदी मन लावून शोधलं. तिथं काहीच नव्हतं.

दहा मिनिटं झाली. तिनं हात पुढे केला. तक्त्याप्रमाणे आता नव्या फॉर्म्युल्याचा कप द्यायचा होता, पण तिच्या हाताला नुसत्या अर्काचाच दुसरा कप लागला, आणि तिनं तोच आत सरकवला.

थुंकल्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळानं चिठ्ठी बाहेर आली, नीट, न चुरगळता. हसऱ्या चेहऱ्याभोवती गोल काढला होता. चिठ्ठीपाठोपाठ रिकामा कप आला, आणि तो धरलेली छोटी बोटं.

"अजून आहे?" वैदेहीनं विचारलं.

पद्मजानं रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात शून्य लिहिलं, कप पुन्हा भरला, आणि यादीतल्या पुढच्या मुलाचं नाव पुकारलं.